मत नेमकं कुठे गळतं? यादी, बोट आणि १७ सी

अनुक्रमांक (धागाकर्ता)

बोगस मतदान म्हटलं की चर्चा लगेच मशीनवर जाते आणि तिथेच अडकते. मशीनपर्यंत पोचायच्या आधी मत गळण्याच्या जागा कितीतरी जास्त आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक जागी एक कागद तयार होतो. तो मागितला, नीट वाचला आणि मुदतीत हरकत घेतली तर बरंच काही थांबवता येतं. या धाग्यात तेवढंच ठेवू: प्रकार कोणता, तो कसा केला जातो, कोणता कागद पाहायचा, कोणाकडे किती दिवसांत जायचं.

सुरुवात यादीपासून. नाव घालायला नमुना ६. नाव वगळायला किंवा दुसऱ्याच्या नावाला हरकत घ्यायला नमुना ७. पत्ताबदल, दुरुस्ती, नवं ओळखपत्र यासाठी नमुना ८. खोटेपणा करायचा तर तो ६ आणि ७ मधून होतो.

नमुना ७ भरणारा स्वतः त्याच यादीतला मतदार असावा लागतो. त्याने आपलं नाव, ओळखपत्र क्रमांक, मोबाईल आणि कारण द्यायचं असतं: मयत, स्थलांतरित, दुबार, वय कमी, भारतीय नागरिक नाही. खोटं लिहिल्यास १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद आहे. त्यामुळे गैरप्रकार करणारा आपलं नाव वापरतच नाही, तो तिसऱ्याच मतदाराच्या नावाने अर्ज भरतो. कर्नाटकातल्या आळंद मतदारसंघात २०२३ च्या विधानसभेआधी असे ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले. पडताळणीत २४ खरे निघाले, ५,९९४ खोटे. ती नावं वाचली, कारण कुणीतरी दारापर्यंत जाऊन बघितलं. केंद्रीय निवडणूक आयोगाने सप्टेंबर २०२५ मध्ये ऑनलाइन अर्जाला आधारशी जोडलेल्या मोबाईलवरून ई-साइन आणलं, ते या प्रकरणाची चर्चा पेटल्यावर.

नमुना ६ चं उदाहरण आपल्याकडचं आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा मतदारसंघात ऑक्टोबर २०२४ मध्ये नव्या नोंदणीचे ७,५९२ अर्ज आले, त्यातले ६,८६१ बाद ठरले आणि पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. म्हणजे चाळणी चालली. पण ती प्रत्येक मतदारसंघात तेवढ्याच नेटाने चालते असं मानून बसू नये.

पाहायचा कागद: मतदार नोंदणी अधिकाऱ्याला आलेल्या अर्जांच्या याद्या लावाव्याच लागतात. नमुना ९ मध्ये नवी नावं, नमुना १० मध्ये वगळण्याच्या हरकती, नमुना ११ मध्ये दुरुस्त्या. अर्ज यादीत लागल्यापासून हरकतीला सात दिवस असतात. नमुना १० दर आठवड्याला उघडून आपल्या भागातली नावं वाचा. एकाच अर्जदाराचं नाव दहा-बारा हरकतींसमोर दिसलं की त्या अर्जदारालाच जाऊन विचारा, अर्ज तुम्हीच केलात का. आळंदचं बिंग अशाच प्रश्नाने फुटण्यासारखं होतं.

माणदेशी

नमुना ७ च्या जोडीला आणखी एक वाट आहे: नोंदणी अधिकारी स्वतःहून नाव वगळू शकतो. त्यात खोटेपणा नसतानाही माणसं बाहेर फेकली जातात. ऊसतोडीला गेलेलं कुटुंब घ्या. बीड, आष्टी, पाथर्डी, जत या पट्ट्यातली घरं दिवाळीनंतर कुलूपबंद होतात ती उन्हाळ्यापर्यंत. बीएलओ (घरोघरी यादी तपासणारा मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) त्या काळात आला तर कुलूप, शेजारी सांगतात "ते इथं नसतात", आणि पंचनाम्यावर "स्थलांतरित" पडतं.

कायदा इथे मतदाराच्या बाजूने स्वच्छ आहे. १९५० च्या कायद्याचं कलम २० सांगतं की तात्पुरता बाहेर गेलेला माणूस त्या कारणाने "सर्वसाधारण रहिवासी" राहायचा थांबत नाही. म्हणून पंचनाम्याला सही करणाऱ्या शेजाऱ्याने, पोलीस पाटलाने, सरपंचाने शब्द जपून वापरावा. "हंगामी कामाला गेले, मार्च-एप्रिलमध्ये परततात" असं लिहून घ्यायला लावा. या एका ओळीने नाव टिकतं.

विधानसभा २०२४ चं मतदान २० नोव्हेंबरला होतं, ऐन गाळप सुरू व्हायच्या तोंडावर. नाव यादीत शाबूत असूनही मत देता आलं नाही, हीसुद्धा गळतीच. फक्त तिची नोंद कुठल्याच नमुन्यात होत नाही.

दुसरा मोठा गट लग्न झालेल्या मुलींचा. माहेरी बीएलओ "लग्न होऊन गेली" म्हणून नाव काढतो, सासरी कुणी नमुना ८ भरत नाही. किंवा सासरी नमुना ६ भरून नवीनच नोंद होते, माहेरची तशीच राहते, आणि आडनाव बदललेलं असल्यामुळे नाव जुळवून ती दुबार नोंद सापडत नाही. बरोबर मार्ग एकच: नमुना ८ मध्ये स्थलांतर, जुना ओळखपत्र क्रमांक टाकून. म्हणजे नोंद हलते, दुसरी तयार होत नाही.

रेवदंडा

यादी वाचायची कशी, हे सांगायला हवं. छापील भागयादीत पानावर तीन रांगांत साधारण ३० चौकटी असतात. पहिल्या पानावर अनुक्रमांक कुठून कुठपर्यंत आणि स्त्री-पुरुष किती ते असतं, शेवटी गोषवारा. मागे पुरवणी जोडलेली असते, वगळलेली नावं तिथे कारणाच्या अक्षरासह दिसतात: ई म्हणजे मयत, एस स्थलांतरित, आर दुबार, एम सापडत नाही, क्यू अपात्र.

एका भागात "एम" आणि "एस" अचानक फार दिसू लागले तर तो भाग पायी फिरून तपासा. घर क्रमांकाच्या जागी शून्य किंवा रेघ दिसली म्हणून लगेच बोगस ठरवू नका. वाड्यावस्त्यांवर, झोपडपट्टीत ग्रामपंचायतीने किंवा पालिकेने क्रमांकच दिलेला नसतो. मात्र एकाच खोलीच्या पत्त्यावर वेगवेगळ्या आडनावांची ४०-५० नावं असतील, तर तिथे जाऊन दार वाजवायलाच हवं. वसतिगृह, कामगारांची खोली, पाडलेली चाळ किंवा खरोखर खोटी नोंद, यातलं काय ते दारातच कळतं.

आणि एक गल्लत टाळा. एकच ओळखपत्र क्रमांक दोन राज्यांतल्या दोन वेगळ्या माणसांना गेलेला असणं ही जुन्या क्रमांक-मालिकेची चूक असते. आयोगाने मार्च २०२५ मध्ये तशी कबुली देऊन नवे क्रमांक द्यायचं ठरवलं. एकाच माणसाची दोन ठिकाणी दोन क्रमांकांनी नोंद हा खरा दुबार. पहिल्यात मत दुप्पट होत नाही, दुसऱ्यात होऊ शकतं.

परळ_भोईवाडा

मुंबईत दुबार आणि गळालेल्या नावांचं कारण पुनर्विकास. चाळ पाडली, भाडेकरू संक्रमण शिबिरात किंवा थेट विरार-कल्याणला. जुना पत्ता जमीनदोस्त. काही जण नव्या जागी नमुना ६ भरतात, जुनी नोंद राहते. काही भरतच नाहीत आणि "स्थलांतरित" होऊन दोन्हीकडून जातात.

महापालिका-जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत नियम वेगळे आहेत, हे फार जणांना मतदानाच्या दिवशी कळतं. राज्य निवडणूक आयोग स्वतःची यादी करत नाही. ठरलेल्या तारखेची विधानसभेची यादी घेतो (२०२५-२६ च्या निवडणुकांसाठी १ जुलै २०२५ ची) आणि प्रभागांत वाटतो. नवीन नाव घालणं किंवा वगळणं त्यांच्या हातात नाही. तिथली हरकत फक्त लेखनिकाची चूक, चुकीचा प्रभाग आणि विधानसभेच्या यादीत असून प्रभागात सुटलेलं नाव एवढ्यावर.

माझ्या मते इथला सर्वात दुर्लक्षित प्रकार म्हणजे प्रभागाच्या हद्दीवरच्या इमारती सरळ शेजारच्या प्रभागात टाकल्या जाणं. माणसाचं नाव आहे, मतही देता येतं, पण भलत्याच प्रभागात. प्रारूप यादी लागते तेव्हा आपल्या गल्लीच्या दोन टोकांच्या इमारती कोणत्या प्रभागात पडल्यात एवढं पाहा आणि नकाशा जोडून हरकत द्या. एकट्याची हरकत एका नावाची होते, सोसायटीच्या पत्रावर सगळ्या खोल्यांचे अनुक्रमांक लिहून दिलेली हरकत सगळ्यांची.

संभाव्य दुबार नावासमोर तिथे दोन तारे असतात. तारे म्हणजे नाव कापलं असं नव्हे. कुठे मत देणार ते लिहून द्यायचं. न दिल्यास केंद्रावर हमीपत्र घेतलं जातं. तारे बघून "तुमचं मत रद्द झालंय, घरी जा" असं सांगणारा कुणी भेटला तर त्याची तक्रार करा.

विधिज्ञ_सातारा

कायद्याची बाजू. यादीत आधीपासून असलेल्या माणसाला नागरिकत्वाच्या संशयावरून नोटीस न देता, म्हणणं न ऐकता काढता येत नाही. १९९५ चा लाल बाबू हुसेन निकाल हाच आहे, आणि तो दिल्ली-मुंबईतल्या मतदारांना आलेल्या नोटिसांवरूनच उभा राहिला होता.

बिहारच्या २०२५ च्या विशेष सखोल पुनरीक्षणात (संपूर्ण यादीच्या फेरतपासणीत) हा प्रश्न पुन्हा आला. जूनमध्ये ७ कोटी ८९ लाख मतदार, १ ऑगस्टच्या प्रारूपात ७ कोटी २४ लाख. गळालेली सुमारे ६५ लाख नावं कोणती आणि का गेली, हे आधी लोकांना पाहता येईल असं ठेवलेलंच नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑगस्टला कारणासह नावनिहाय याद्या लावायला सांगितलं. आकडा कितीही मोठा असो, नाव आणि कारण हातात आल्याशिवाय हरकत घेताच येत नाही, म्हणून तो आदेश मोलाचा.

अपील: नोंदणी अधिकाऱ्याच्या निर्णयावर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे, त्यावर ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. आदेशाची प्रत मागून घ्या, तारखेवरून मुदत मोजली जाते. महाराष्ट्रात ९ कोटी ७७ लाखांहून जास्त मतदारांमागे पुनरीक्षणात पहिली अपिलं ८९ आणि दुसरं फक्त १ आलं, असं आयोगाने जून २०२५ मध्ये सांगितलं. आयोग याचा अर्थ "तक्रार नव्हती" असा लावतो. तो मला पटत नाही, कारण नाव गेल्याचं माणसाला मतदानाच्या सकाळी कळतं. पण राजकीय पक्षांनी नेमलेल्या बूथस्तरीय प्रतिनिधींना हा बचाव नाही. प्रारूप यादी त्यांच्या पक्षाला फुकट मिळते.

उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख उलटली की यादी गोठते. त्यानंतर नाव घालता येत नाही आणि काढताही येत नाही.

शाईचं_बोट

आता मतदानाचा दिवस. तोतयेगिरी म्हणजे दुसऱ्याच्या नावावर मत देणं. भारतीय न्याय संहितेत कलम १७२, शिक्षा १७४ मध्ये, एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

ती होते कुठे? मयत आणि बाहेरगावच्या नावांवर. म्हणून केंद्राध्यक्षाकडे गैरहजर, स्थलांतरित, मयत अशी वेगळी यादी असते. त्या यादीतलं कुणी आलं तर ओळखपत्र पाहायचं, नाव मोठ्याने वाचून पोलिंग एजंटांना (केंद्रातल्या उमेदवारांच्या प्रतिनिधींना) कळवायचं, नोंदवहीत सहीसोबत अंगठाही घ्यायचा. केंद्रात हे होत नसेल तर एजंटने तिथल्या तिथे लेखी आक्षेप द्यावा.

एजंटला समोरचा माणूस तोतया वाटला तर आक्षेपित मत. दोन रुपये अनामत भरायची, पावती घ्यायची. केंद्राध्यक्ष लगेच चौकशी करतो. आक्षेप सिद्ध झाला तर त्या माणसाला मत देऊ देत नाहीत आणि पोलिसांच्या ताब्यात देतात. नाही झाला तर त्याला मत देता येतं. आक्षेप उगाचच घेतलेला ठरला तर दोन रुपये जप्त. रक्कम किरकोळ आहे, पण एजंट बहुतेकदा ओळख बिघडेल म्हणून तोंड उघडत नाही.

शाई ही दुसरी भिंत. डाव्या तर्जनीवर, नखाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत. नखाच्या मुळाशी कातडीत शाई बसली पाहिजे, नुसत्या नखावरच्या ठिपक्याला अर्थ नाही. बोटाला तेल किंवा मेण लागलेलं असेल तर आधी पुसायचं, शाई वाळेपर्यंत हात लावू द्यायचा नाही. सिल्व्हर नायट्रेट प्रकाशात काळं पडतं, त्याला थोडा वेळ लागतो.

याच नियमाचा उलटा वापरही होतो, आणि तो जास्त विषारी आहे. बोटावर आधीच शाई असेल तर मत देऊ देत नाहीत. म्हणून वस्तीत पैसे देऊन आदल्या रात्रीच बोटाला शाई लावणं, ओळखपत्रं गोळा करून ठेवणं. मत द्यायला जसे पैसे देणं लाच आहे तसं मत न द्यायला देणंही लाचच, १९५१ च्या कायद्याचं कलम १२३ दोन्ही शब्दांत सांगतं. आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रारीच्या अ‍ॅपवर फोटो किंवा व्हिडिओ टाका. तक्रार १०० मिनिटांत निकाली काढायची असते. आणि ओळखपत्र कुणी ठेवून घेतलं असेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, फोटो असलेलं बँक पासबुक, मनरेगा जॉबकार्ड यातलं काहीही घेऊन केंद्रावर जा. यादीत नाव हवं, एवढीच अट.

नर्मदा_प

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ते खरं का: नाव यादीत नसेल तर कलम ४९ अ खाली "चॅलेंज व्होट" मागा, आणि एका बूथवर १४ टक्क्यांहून जास्त प्रदत्त मतं झाली तर फेरमतदान होतं?

शाईचं_बोट

दोन्ही खोटं. निवडणूक संचालन नियमांतला ४९ अ हा नियम मतदान यंत्राच्या रचनेचा आहे. नाव नसेल तर मत नाही, आधार दाखवूनही नाही. १४ टक्क्यांचा कुठलाही नियम नाही. हा मेसेज दर निवडणुकीत येतो आणि माणसं त्याच्या भरवशावर यादी तपासत नाहीत. नुकसान तिथे होतं.

प्रदत्त मत मात्र खरं आहे, नियम ४९ पी. तुमचं नाव यादीत आहे, पण तुमच्या आधी कुणीतरी तुमच्या नावावर मत देऊन गेलंय. भांडून परत फिरू नका. केंद्राध्यक्षाला ओळख पटवून द्या आणि "प्रदत्त मतपत्रिका द्या" असं नेमक्या शब्दांत मागा. प्रत्येक केंद्रावर अशा २० मतपत्रिका दिलेल्या असतात. तुम्ही १७ बी नमुन्यात सही करता, कागदावर शिक्का मारून घडी घालून देता, ती वेगळ्या पाकिटात जाते. मशीनचं बटण दाबायला मिळत नाही.

माणदेशी

अंध-अपंग मतदारांच्या सोबत्याचा मुद्दा राहिला. सोबती १८ वर्षांवरचा हवा आणि एका दिवसात एकाच मतदाराचा सोबती होता येतं. नोंद नमुना १४ अ मध्ये होते. एकच कार्यकर्ता पाच आजींना आत नेताना दिसला तर एजंटने १४ अ ची यादी पाहायला मागावी.

रेवदंडा

मशीनकडे येऊ, पण कागद हातात घेऊन. मतदानाच्या ९० मिनिटं आधी अभिरूप (चाचणी) मतदान, कमीत कमी ५० मतं, नोटासकट प्रत्येक उमेदवाराला. मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर ही बटणं. निकाल व्हीव्हीपॅटच्या (मत कागदावर छापणाऱ्या यंत्राच्या) चिठ्ठ्यांशी जुळवायचा, चिठ्ठ्या काढून काळ्या पाकिटात सील करायच्या. घाईत "क्लिअर" राहून गेलं तर ती ५० मतं खऱ्या मतांत मिसळतात, आणि मतमोजणीला १७ सी शी (केंद्रावर पडलेल्या मतांच्या हिशोबाचा नमुना) आकडा जुळत नाही. न जुळण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. म्हणून एजंटने पहाटे हजर राहून कंट्रोल युनिटवर टोटल शून्य दिसल्यावरच सही करावी आणि युनिटचा क्रमांक वहीत लिहून घ्यावा.

बूथ कॅप्चरिंगचा जुना प्रकार मशीनमुळे मंदावला: मिनिटाला चारपेक्षा जास्त मतं पडत नाहीत, आणि केंद्राध्यक्षाने क्लोज दाबलं की मशीन पुढे मत घेतच नाही.

संध्याकाळी १७ सी. हिशोब असा: समजा १७ ए या मतदारांच्या सह्यांच्या नोंदवहीत शेवटचा अनुक्रमांक ६८७. सही करून मत न देता दोघे गेले, गुप्ततेचा भंग केला म्हणून एकाला रोखलं. मशीनवर ६८४ हवेत. ६८५ असले तर १७ सी मध्ये फरक लिहिलाच पाहिजे. प्रदत्त मतं यात येत नाहीत, त्यांचा रकाना वेगळा. नियम ४९ एस नुसार केंद्राध्यक्षाने हजर असलेल्या प्रत्येक एजंटला साक्षांकित प्रत द्यायची असते. एजंट जेवायला घरी गेलेला असतो, आणि तिथेच पुरावा जातो. मोजणीनंतर नमुना २० मध्ये केंद्रनिहाय मतं छापली जातात. तो आकडा आणि १७ सी चा आकडा शेजारी ठेवून बघा.

परळ_भोईवाडा

मग विधानसभा २०२४ ला ५ वाजता ५८.२२ टक्के आणि अंतिम ६६.०५ टक्के, हे कसं पाहायचं?

रेवदंडा

९ कोटी ७० लाख मतदारांवर ७.८३ टक्के म्हणजे अंदाजे ७६ लाख. केंद्रं एक लाखाहून थोडी जास्त, म्हणजे सरासरी केंद्रामागे ७५ च्या आसपास. मतदान ६ पर्यंत होतं आणि रांगेतल्यांना पुढेही देता येतं. तेव्हा सरासरीने ते अशक्य नाही. ५ चा आकडा फोन-अ‍ॅपवरून गोळा केलेला कच्चा असतो.

पण सरासरीने एखाद्या केंद्राचा संशय फिटत नाही, आणि फिटू नये. ६ वाजता केंद्राध्यक्ष रांगेत शेवटच्या माणसापासून पुढे क्रमांकाच्या सही केलेल्या चिठ्ठ्या वाटतो. त्या किती वाटल्या आणि ६ नंतर १७ ए मध्ये किती सह्या झाल्या, हे दोन आकडे ज्या एजंटकडे आहेत त्याची तक्रार उभी राहते.

विधिज्ञ_सातारा

त्याला जोडून मुदती. निवडणूक याचिका निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात. याचिका नसेल तर मतदान केंद्राचं चित्रीकरण ४५ दिवसांनी नष्ट करायला आयोगाने ३० मे २०२५ ला सांगितलं आहे. निवडणूक नियमांतल्या डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीनंतर हे चित्रीकरण सामान्य मतदाराला कागदपत्रं म्हणून मागताही येत नाही. ही दुरुस्ती मला चुकीची वाटते. गुप्तता मताची असते, रांगेची नव्हे. मशीनच्या मेमरीची तपासणी दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालापासून सात दिवसांत मागावी लागते, विधानसभा क्षेत्रातली ५ टक्के यंत्रं, खर्च भरून. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२४ च्या निकालातली तरतूद.

नर्मदा_प

प्रदत्त मतं मोजतच नाहीत ना? मग मागून काय उपयोग?

विधिज्ञ_सातारा

मोजणीच्या दिवशी मोजत नाहीत, पाकीट बंदच राहतं. ते न्यायालयाच्या आदेशाने उघडतं. राजस्थानात नाथद्वाऱ्याला २००८ मध्ये सी. पी. जोशी एका मताने हरले, तेव्हा प्रदत्त मतांचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. फरक कमी असलेल्या जागी ही पाकिटंच निर्णायक ठरू शकतात. शिवाय नमुना २० मध्ये प्रत्येक केंद्रापुढे प्रदत्त मतांचा रकाना असतो. तिथे शून्याऐवजी ७ आकडा छापला गेला तर त्या केंद्रावर सात जणांच्या नावावर आधीच मत पडल्याची सरकारी नोंद होते. त्या सात जणांनी नुसती आरडाओरड करून घर गाठलं असतं तर रकान्यात शून्यच राहिलं असतं.